तलवार टीव्हीच्या वर आणि मेन कॉक कुठंय पत्ता नाही

गेल्या रविवारी सांगलीजवळच्या भिलवडीहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, सहा वर्षांनी मोठा, तीन एकर ऊस आणि चार म्हशी. बोलता बोलता मागं भिंतीवर लक्ष गेलं तर टीव्हीच्या वर तलवार टांगलेली, म्यानाला लाल मखमल बिखमल. म्हटलं हे काय, कुणाचं लग्न ठरलंय का? तर म्हणे, "दिवस वाईट आलेत बाबा, उद्या सगळं बंद पडलं तर कोण येणाराय वाचवायला? घरात हत्यार पायजेच."

2025 च्या मे महिन्यात युद्धाच्या तयारीच्या मॉक ड्रिलचे भोंगे वाजले तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे बसलंय, आणि तो एकटा नाहीये, आमच्या अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर हेच चाललेलं असतं. पिस्तुलाच्या लायसनचा अर्ज पण केलाय पठ्ठ्यानं. कलेक्टर ऑफिसच्या चकरा, पोलीस चौकशी, जीवाला धोका काय तो लिहून द्या, आणि हे सगळं करून माणशी दोनच, आधी तीन चालायची ती 2019 ला कमी केली, याचा त्याला भयंकर राग. "तुमच्याकडं बरंय, दुकानात जायचं नि घिऊन यायचं."

हे 'तुमच्याकडं बरंय' ऐकलं की माझं टाळकं सटकतं.

कारण आमच्याकडं, म्हणजे ह्यूस्टनला, सगळं बंद पडलेलं मी बघितलंय ना. फेब्रुवारी 2021. सोमवारी पहाटे दोनच्या सुमारास लाइट गेली, बाहेर बर्फ, दुसऱ्या दिवशी पारा उणे 10. टेक्सासची विजेची ग्रिड बाकी अमेरिकेपासून वेगळी ठेवलेली, स्वाभिमान बरं का, त्यामुळे शेजारच्या राज्यांकडून मागून मागून वीज मागणार किती. नंतर कळलं की त्या पहाटे अख्खी ग्रिड कोसळायला साडेचार मिनिटं उरली होती, आणि कोसळली असती तर आठवडेच्या आठवडे अंधार. पंचेचाळीस लाख घरं-दुकानं अंधारात होती. सरकारी आकड्यानुसार 246 माणसं गेली, त्यातली बहुतेक नुसती गारठून. काहींनी ऊब यावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली किंवा घरात शेगडी पेटवली आणि धुरानं गेली. आपल्याकडं शेण्या जाळणाऱ्या म्हातारीला पण माहितेय की दार थोडं उघडं ठेवावं.

माझ्या शेजाऱ्याच्या मास्टर क्लोजेटमध्ये माणूसभर उंचीची सेफ आहे. चौदा बंदुका, गोळ्यांच्या पेट्या वेगळ्या, फ्रीझ-ड्राइड जेवणाच्या बादल्या वेगळ्या. माणूस चांगला आहे, बार्बेक्यू करतो तेव्हा आमच्यासाठी मक्याची कणसं वेगळी भाजतो, त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाहीये. पण मंगळवारी त्याच्या अॅटिकमधला पाइप फुटला आणि धो धो पाणी खाली आलं तेव्हा तो बाथरोबमध्ये ड्राइव्हवेवर उभा राहून ओरडत होता की पाणी बंद कुठून करतात! दहा वर्षं त्या घरात राहतोय. सीलिंगचं शीटरॉक ओलं होऊन सोफ्यावर पडलं, थपकन, पिठाचा गोळा पडावा तसं.

त्याचं पाणी बंद केलं पलीकडच्या व्हिएतनामी काकांनी. सत्तरीच्या पुढचे, पूर्वी इथल्या मेक्सिकोच्या आखातात कोळंबीची बोट चालवायचे. त्यांच्याकडं टी आकाराची लांब चावी असते, फुटपाथजवळच्या मीटरच्या खड्ड्यात घालायची, पाव फेरा फिरवायची. खड्ड्यावरचं झाकण गोठलेलं, तर किटलीतलं गरम पाणी ओतून आधी ते सोडवलं, मग गुडघ्यावर बसून हात आत. दोन मिनिटं. एक शब्द बोलले नाहीत. मग तसेच गल्लीभर हिंडले, ज्याला हवं त्याचं बंद करून दिलं, नळ उघडे ठेवून पाइपातलं पाणी कसं काढून टाकायचं ते खुणांनी दाखवलं. गॅसची शेगडी लाइटरशिवाय काडीनं पेटवता येते हे तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं, ते आमच्या हिनं दाखवलं. तीन दिवस आमच्या ओट्यावर पिठलं आणि चहा, अर्धी गल्ली आमच्याकडं.

हे सगळं मी दादाला सांगितलं. जरा मीठमसाला लावूनच सांगितलं म्हणा. म्हटलं तुझ्या वडिलांना आठव, मोटारी रिवाइंडिंग करायचे. खंडेनवमीला पाटावर काय मांडायचे? पाने, पकड, टेस्टर, तांब्याच्या तारेचं भेंडोळं, त्याला हळदकुंकू. तलवार नव्हती घरात. तेच हत्यार होतं आपलं. आणि 2024 ला बेरिल वादळानं ह्यूस्टनकडचे वीस लाखांवर मीटर बंद पाडले तेव्हा लोक कुणाला शोधत होते, तर ज्याच्याकडं चेनसॉ आहे आणि जो ती चालवू शकतो त्याला. 2017 ला हार्वीत पण लुइझियानाहून लोक आपापल्या मासेमारीच्या बोटी गाड्यांना जोडून घेऊन आले होते. लेक्चर झालं चांगलं वीस मिनिटांचं.

दादा ऐकत होता. मग म्हणाला, "व्हय, बरोबर हाय तुजं." आणि म्हशीची धार काढायची म्हणून फोन ठेवला.

तेव्हापासून मला स्वस्थ वाटेना झालंय. कारण दादाला मी हत्यार की हुन्नर हे शिकवत होतो. दादाला! ऑगस्ट 2019 ला कृष्णा सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली, 45 ला धोका असतो तिथं, भिलवडी पाण्यात, आणि आमचे अण्णा-आई माळ्यावर अडकले. ब्रह्मनाळला बोट उलटली ती बातमी मी इथं डेस्कवर बसून वाचली. नाष्टा कंपनीच्या कॅफेटेरियात, दर दहा मिनिटांनी फोन लावतोय, लागत नाही, अण्णांचा फोन डिस्चार्ज. त्यांना बाहेर काढलं दादानं. गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडली, त्यात आईला मधोमध बसवली, कारण कडेला वजन गेलं की काहील गिरकी घेते, आणि हा बाहेरून काठ धरून पोहत. अण्णांसाठी दुसरी फेरी. पोहायला आम्ही दोघंही एकाच उन्हाळ्यात शिकलो, पाठीला एकच वाळका भोपळा आळीपाळीनं बांधून. त्याचं पोहणं टिकलं. माझ्या कम्युनिटी पूलमध्ये मी आता कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो.

मी तेव्हा काय केलं? पैसे पाठवले. आणि तिकडच्या नियोजनावर, धरणाच्या विसर्गावर ग्रुपवर लांबलचक पोस्टी टाकल्या.

ज्याच्या अंगात एवढं आहे त्याला ते काहीच वाटत नाही, तलवारच भारी वाटते, आणि मी चिडतो. पण चिडतो ते यावरच का, हे मलाच नीट सांगता येत नाही. व्हिएतनामी काकांची गोष्ट सांगताना मी एक गाळलं, की पहिला पाइप शेजाऱ्याचा नव्हता फुटला, आमचा फुटला होता. मीही तसाच ओरडत होतो. यूट्यूब लावायला गेलो तर इंटरनेट बंद.

आणि अजून एक आहे. जून 2020, कोरोना, रस्त्यावर निदर्शनं, त्या वर्षी देशभर बंदूक घेताना करतात ते चार कोटींच्या आसपास बॅकग्राउंड चेक झाले, त्यातला एक माझा. ग्रीन कार्ड दाखवलं, फॉर्म भरला, अर्ध्या तासात हातात. नाइन एमएम पिस्तूल. गोळ्या मिळत नव्हत्या, दोन दुकानं हिंडून एक पेटी मिळाली. रेंजवर दोनदाच गेलोय. बेडच्या बाजूच्या छोट्या सेफमध्ये आहे, हिला माहितेय, आई आली होती तेव्हा तिला सांगितलं नाही.

फोन ठेवायच्या आधी दादानं विचारलं होतं, "तुज्याकडं हाय का रं?"

मी म्हटलं, म्हशी किती लिटर देतायत सध्या?