होडीत चढा, पण कागद हातात घेऊन

गेल्या महिन्यात गोव्यातल्या शापोरा जेटीवर पहाटे माझ्या भावाच्या होडीत दोघेजण चढले. भाऊ जाळ्यातून बांगडे सोडवत बसला होता. एकाने बुटासकट जाळ्यावरच पाय ठेवला, दुसरा इंजिनाचा नंबर मोबाईलवर टिपू लागला. "साहेब, कुठल्या खात्यातले?" असं भावाने विचारलं, तर "आधी लायसन दाखव." लायसन दाखवलं, नोंदणी दाखवली, सगळं बरोबर निघालं. उतरताना बांगड्यांचा एक क्रेट 'नमुना' म्हणून गेला. पावती नाही, सही नाही, नाव नाही.

क्रेटचं जाऊ दे. पंचवीस वर्षं दर्यावर जाणारा माणूस स्वतःच्याच होडीत चोरासारखा अंग चोरून उभा होता, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

हे ऐकून शेजारचे म्हणाले, या लोकांचे अधिकारच काढून घ्यायला हवेत. मला ते अजिबात पटत नाही. बोटीवर चढून तपासायचा हा अधिकार आपणच भांडून मिळवलाय. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत मासळी खरवडून नेत होते, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली तरी हाती काही लागत नव्हतं. तेव्हा रापणकार रस्त्यावर आले, माथानी साल्ढाणांसारखे चळवळीतले नेते त्यांच्यासोबत उभे राहिले, आणि १९८० साली गोवा, दमण आणि दीवसाठी सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. ट्रॉलरना किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत मनाई झाली. ती पाळायला लावायची तर कुणीतरी बोटीवर चढून बघायलाच हवं. घराच्या झडतीला एरवी वॉरंट लागतं. बोटीचं तसं ठेवलं तर कागद येईपर्यंत बोट कुठल्या कुठे निघून जाईल. म्हणून कायदा मोडला असं मानायला कारण असेल तर अधिकृत अधिकाऱ्याने थेट चढावं, झडती घ्यावी, बोट अडकवावी, मासळी जप्त करावी, अशी सोय आहे. आणि ती हवीच.

पण 'कारण असेल तर' हे शब्द कुणी वाचतं का? एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. तरी केरीच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहून बघा, समुद्रात अख्खं शहर पेटल्यासारखा उजेड दिसतो. तिथे कारण शोधावं लागत नाही, ते मैलभरावरून दिसतं. त्या बोटींवर चढायला गस्तीची नौका लागते, डिझेल लागतं, माणसं लागतात. जेटीला बांधलेल्या होडीत चढायला काहीच लागत नाही. म्हणून सगळा कायदा जेटीवरच संपतो, याची मला खरी चीड आहे.

मासळी बाजाराचंही तेच. २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन हे घातक रसायन असल्यावरून मडगावला गदारोळ झाला, तेव्हा सगळ्यांनाच वाटलं की तपासणी कडक हवी. ती हवीच. खाद्य सुरक्षा अधिकाऱ्याला साठवणुकीच्या जागेत शिरायचा, नमुना घ्यायचा, माल जप्त करायचा अधिकार आहे. मात्र हा अधिकार देणाऱ्या २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच हेही आहे की नमुन्याचे चार भाग करायचे, नमुना घेतल्याचं लेखी कळवायचं, आणि कारण नसताना त्रास देण्यासाठी जप्ती केली तर अधिकाऱ्यालाच एक लाखापर्यंत दंड. म्हणजे एक अख्खा क्रेट पिशवीत टाकून नेला, तर तो नमुना होत नाही.

आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे. मोठ्या ट्रॉलरवरचे खलाशी परराज्यातले. महिनोन् महिने त्यांचं जेवण, झोपणं, कपडे, देवाचा फोटो, सगळं त्या बोटीवरच. कायद्याच्या लेखी ती बोट, पण त्यांचं ते घर. झडतीत कुणाची पेटी उघडायची तर त्याला समोर उभं करून उघडा. एवढं माणूस म्हणून करायलाच पाहिजे.

रविवारी आमच्या मच्छीमार सोसायटीची बैठक आहे. मी एक साधा छापील कागद मांडणार आहे: अधिकाऱ्याचं नाव, खातं, चढल्याची वेळ, चढण्याचं कारण, काय नेलं, दोन्ही बाजूंच्या सह्या, दोन पंच. तुमच्यापैकी कुणाला तपासणीनंतर नीट पंचनामा किंवा पावती मिळाली असेल, तर नावं झाकून तिचा फोटो इथे टाका. नमुना म्हणून मला तो बैठकीत दाखवायचा आहे.