गप्पा बंद पडल्या त्या टँकरमुळे

टीव्ही आला आणि आयरिश खेड्यातल्या माणसांचं एकमेकांकडे जाणं थांबलं, हे एका लेखात वाचलेलं एका छायाचित्रकाराचं म्हणणं मला अर्धंच पटलं. रात्री चुलीपाशी जमणाऱ्या बैठकींबद्दल ते खरं असेल. तिथला सरकारी टीव्ही ३१ डिसेंबर १९६१ला सुरू झाला. पण सकाळचं काय? मी नऊ वर्षं आयर्लंडच्या लिमरिक परगण्यात नर्स आहे. माझे म्हातारे रुग्ण जीव टाकून आठवण काढतात ती क्रीमरीची, म्हणजे दूध डेअरीची. देशातली पहिली सहकारी क्रीमरी याच परगण्यात, ड्रमकॉलहरला, १८८९ मध्ये निघाली. गाढवाच्या गाडीवर कॅन लादून सगळे तिथे यायचे. दूध घातलं की लगेच परतायचं नाही, कारण साय काढलेलं दूध वासरांसाठी घरी न्यायचं असे. त्या थांबण्यातच कोणाची गाय व्यायली, कोण आजारी आहे, उद्या कोणाच्या रानात गवत कापायला जायचं, सगळं कळायचं. पुढे टँकर थेट गोठ्याशी येऊ लागले आणि हे थांबणंच गेलं.

शिरोळ तालुक्यात माझे बाबा अजून दोन्ही वेळा किटली घेऊन डेअरीत जातात, फॅट किती लागली यावर अर्धा तास बोलून येतात. म्हणून हे मला जास्त लागलं. इथे लिमरिकमधल्या एक आजी सांगत होत्या, टँकर सुरू झाल्यावरही त्यांचे यजमान कित्येक दिवस सकाळी टोपी घालून फाटकाशी उभे राहायचे.