फ्लशच्या टाकीचं झाकण आमच्या घरी फक्त मलाच दिसतं

रात्री दोन वाजता सुरू होतं. सुळसुळसुळ. आधी वाटतं पाऊस आला, मग कळतं की मेली फ्लशची टाकी पुन्हा गळतेय.

अहो, इंदूर आहे हे! नर्मदेचं पाणी 70 किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणतात, ते आमच्याकडे येतं एक दिवसाआड. आणि माझ्या घरी ते रात्रभर कमोडमधून गुपचूप गटारात. सकाळी गच्चीवरची टाकी कोरडी. वर सासूबाई मलाच विचारणार, "मोटर लावायला विसरलीस का गं?"

घरात माणसं चार. बटण दाबायला चौघंही, झाकण उचलायला मी एकटी. मागच्या आठवड्यात उचललं. शी! भिंतींना बुळबुळीत शेवाळ, तळाला तांबडा गाळ, बॉलकॉकच्या (टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या गोळ्याच्या) दांडीवर क्षाराची पुटं. नर्मदा नसेल त्या दिवशी बोअरिंगचं जड पाणी वापरतो ना, त्याचा प्रसाद. तोच क्षार खालच्या रबरी वायसरवर बसतो, वायसर नीट टेकत नाही, पाणी झिरपतं. संपलं. एवढंच दुखणं आहे.

पण प्लंबरला एवढंसं दुखणं परवडत नाही. तीन दिवस "बस दस मिनिट में आया" ऐकवून अवतरला आणि झाकणाला हातही न लावता म्हणाला, "मॅडम, पूरी टंकी बदल डालो." अरे, बघितलंस तरी का आत?

नवऱ्याने काय केलं? ब्लीचची निळी गोळी आणून टाकली. पाणी निळं झालं, गळणं तसंच. एक खरं, न दाबताच भांड्यात निळा ओघळ दिसला, म्हणजे चोर कुठे आहे ते कळलं. पण त्या ब्लीचने रबर आणखी खराब होतं, हे पुडक्यामागे कोण वाचणार! त्यात सासूबाई अ‍ॅसिडची बाटली घेऊन हजर. "आई, थांबा! ब्लीचमध्ये अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीनचा वायू निघतो!" म्हटलं, तर दुपारभर अबोला.

शहर 2017 ते 2023 सलग स्वच्छतेत पहिलं आलेलं, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आम्हाला सगळं पाठ. आणि ही टाकी बसवल्यापासून एकदाही घासलेली नाही.

शेवटी मीच. टाकीचं पाणी बंद करायचा अँगल कॉक गंजलेला, फिरता फिरेना, बोटं सोलली. टाकी रिकामी केली, दोनदा धुऊन गोळीचा अंश काढला, मग पाण्यात निंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, विरघळवून रात्रभर ठेवलं. सकाळी जुन्या टूथब्रशने दांडी, फ्लोट, व्हॉल्व्ह सगळं घासलं. क्षार खपल्यांनी निघाला. वायसर मात्र चिरलेलं, म्हणून भर उन्हात सियागंजच्या बाजारात जाऊन नवं आणलं, बसवलं.

काल रात्री घर चिडीचूप. नवरा कूस बदलत म्हणाला, "बघ, थांबलं ना आपोआप."