वेठीला नक्की कोणाला धरलंय?

एसटीचा संप म्हटलं की तेच वाक्य ठरलेलं : "लोकांना वेठीला धरलंय यांनी!" 2017 ची दिवाळी, 2021 ची दिवाळी, 2024 मध्ये गणपतीच्या तोंडावर. दर वेळी तेच, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

अहो, वेठ म्हणजे काय ते तरी आठवा! राबवून घ्यायचं आणि मोबदला द्यायचा नाही, ती वेठ. पगार वेळेवर होत नव्हता तेव्हा वेठीला कोण होतं?

आमच्या गावी मुक्कामाची गाडी यायची. रात्री साडेनऊला सगळे उतरून घरी जायचे. ड्रायव्हर-कंडक्टर मात्र तिथेच, बाकड्यांवर चादर अंथरून, डासांत. पहाटे साडेपाचला आमच्या पोरांना कॉलेजला न्यायला तेच दोघे तयार. त्यांच्या दिवाळीची चौकशी आपण कधी केली?

2021 चा संप साडेपाच महिने ताणला. कर्मचारी एसटीचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण मागत होते, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याइतका पगार आणि हमी. निलंबनं झाली, बडतर्फी झाली, काहींनी जीव दिला. शेवटी हायकोर्टाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर यायला सांगितलं. विलीनीकरण झालंच नाही.

हाल होतात, मान्य. माझी आई तेव्हा तपासणीला जाऊ शकली नाही, खासगी वडापवाल्याने तिप्पट भाडं सांगितलं. तरी ती म्हणाली, "त्यांचीबी लेकरं हायत." संघटना नसती तर या माणसांचं कुणी ऐकून तरी घेतलं असतं का?