‘आधी संदेश ठरवा’ म्हणणाऱ्यांना

कथालेखनाचे चार नियम व्हॉट्सॲपवर फिरत असतात: आधी संदेश एका वाक्यात लिहा; प्रत्येक प्रसंग त्याच वाक्याचा पुरावा असू द्या; शेवटी तो एखाद्या पात्राच्या तोंडी घाला; आणि बोली वापरा, म्हणजे कथा अस्सल वाटते. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातली एक कल्पित कथा समोर ठेवून ते तपासू.

‘संदेश एका वाक्यात लिहा.’ ‘व्यापारी शेतकऱ्याला लुबाडतो’ हे वाक्य झालं खरं, पण तो निकाल आहे. निकाल आधीच लागला, तर कथेत घडायला उरतं काय? त्याऐवजी असा प्रश्न लिहा, ज्याचं कुठलंही उत्तर महागात पडेल: पडलेल्या भावात आज माल द्यायचा, की आठ दिवस थांबायचं? मग थांबता का येत नाही, ते शोधा. केळी हिरवीच कापतात, कारण ती ट्रकने दिल्लीकडे जायची असते. पूर्ण भरलेला घड झाडावरच पिकू लागला, की लांबच्या गाडीत चालत नाही. वैशाख-ज्येष्ठात वादळ आलं तर उभी बाग आडवी होते. त्यात उचल त्याच व्यापाऱ्याकडून घेतलेली, आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आलेली. आता बापाने भाव न विचारता नुसती मान हलवली तरी पुरे. ‘शोषण’ हा शब्द लिहावा लागत नाही. वाक्य हवंच असेल, तर दुसऱ्या खर्ड्यानंतर लिहा. तेव्हा ते बहुधा वेगळंच निघतं.

‘प्रत्येक प्रसंग पुरावा असू द्या.’ अशाने कथेचा खटला होतो, तोही एकाच वकिलाचा. व्यापाऱ्यालाही त्याची खरी बाजू द्या: गाडी वाटेत दोन दिवस अडकली, तर पिकलेल्या मालाचा तोटा त्याच्या अंगावर. पहिला खर्डा झाला की प्रत्येक प्रसंगासमोर समासात लिहा: कोणाला काय मिळालं, कोणाचं काय गेलं. अडीच हजार शब्दांत पाच-सहा प्रसंग मावतात. लागोपाठ तीन प्रसंगांत एकच माणूस हरत असेल, तर मधला बदला. त्यात याच शेतकऱ्याला घड वाहणाऱ्या मजुरांच्या हिशेबातून वीस-वीस रुपये कापू द्या. वाचकाची सहानुभूती अडखळते, आणि विषय एका व्यापाऱ्यापुरता उरत नाही. फिरणाऱ्या नियमांत नेमका हाच प्रसंग बसत नाही, म्हणून तो सगळ्यात आधी खोडला जातो.

‘शेवटी पात्राच्या तोंडी घाला.’ शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. अर्थ तरीही पोचत असेल, तर तो परिच्छेद काढा. पोचत नसेल, तर खोट मागे आहे, पेरणीच झालेली नाही. उचलीची वही घ्या: आधी ती नुसती ओट्यावर पडलेली; मग लेक ती चाळते; शेवटी बाप तिच्यातच मजुरांच्या नावापुढे कमी केलेला आकडा लिहितो. तीन वेळा पुरे. चौथ्यांदा आली की वही राहत नाही, प्रतीक होते.

‘बोली वापरा.’ वापरा, पण कोणती? धुळे-अमळनेरकडचा अहिराणी बोलणारा ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणतो. यावल-रावेरची लेवा गणबोली बोलणारा ‘मले’. बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांनाही लोक सरसकट अहिराणी म्हणून टाकतात, त्या लेवा गणबोलीतल्या असूनही. पात्राचं गाव, समाज आणि समोर कोण आहे, हे ठरल्याशिवाय संवाद लिहू नयेत. व्यापाऱ्यापुढे ‘मला’ म्हणणारा बाप घरी लेकीशी बोलताना ‘मले’वर येतो, त्याचं दबलेपण दाखवायला वेगळं वर्णन लागत नाही. आणि त्याच्या तोंडी ‘आहे’साठी चुकून अहिराणीतलं ‘शे’ आलं, तर रावेरचा वाचक कथा तिथेच खाली ठेवतो.