परदेशात जाऊन बसने फिरलो, बरं मग?

सकाळी घरच्या ग्रुपवर मावसबहिणीने तुर्कस्तानचा बेत टाकला. मी लिहिलं, इस्तंबूलहून कॅपाडोशियातल्या गोरेमे गावाला रात्रीच्या बसने जा. त्यावर दाजींचं उत्तर: "एवढा पैसा घालून जायचं आणि तिथेही यष्टीच?" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

डोकंच फिरलं माझं. याच यष्टीने शिकलात ना कॉलेजात? पास काढून, दारात लोंबकळत?

तिथली बस कशी असते ते तरी ऐका. एका बाजूला दोन सीटा, दुसऱ्या बाजूला एकच. एकट्या बाईला तिकीट देताना शेजारी बाईच बघून देतात. गाडी गावाबाहेर पडली की टाय लावलेला पोरगा, 'मुआविन' म्हणतात त्याला, आधी प्रत्येकाच्या हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या, म्हणजे अत्तरासारखं पाणी, ओततो, मग चहा आणि केक घेऊन फिरतो.

करोनाच्या आधी आईला घेऊन गेले होते. आई माळकरी. पोराने बाटली तिरकी केली तशी तिने उजव्या हाताची ओंजळ केली, डावा हात खाली धरला आणि तीर्थ घेतात तसं थेट तोंडाकडे नेलं! 80 टक्के अल्कोहोल असतं हो त्यात! पलीकडच्या एकट्या सीटवर डोक्याला रुमाल बांधलेली एक आजी होती. तिने झडप घालून आईचं मनगट धरलं, स्वतःच्या हाताला, मानेला चोळून दाखवलं आणि मग जी हसत सुटली! आईही हसली. भाषा कुणाला येत होती? पण अंकारा येईपर्यंत दोघींची नातवंडं फोनवर दाखवून झाली होती.

गोरेमेसाठी विमानाने कायसेरीला उतरतात, ते सव्वा-दीड तासात येतं. तिथून टूरवाल्यांची एसी गाडी, रात्री डाळभात. तुर्की माणूस भेटला तो फक्त वेटर. जा, खुशाल जा.

बरं, गुडघे दुखत असतील किंवा तान्हं पोर असेल तर विमानच बरं, मान्य. बसमध्ये मान आखडते. बहुतेक गाड्यांत संडासही नसतो.

पण मग रात्री तीनला गाडी ढाब्यावर थांबते आणि अख्खी बस पेंगत मसुराच्या सुपाला रांग लावते. आईच्या वाटीत लिंबू कुणी पिळलं? त्याच आजीने. कोलोन्याच्या गमतीनंतर तिने आईला दत्तकच घेतलं होतं.

आणि दोल्मुश! गावातली मिनीबस. मागे बसलेल्याने पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, हातोहात ते ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे तसेच परत येतात. आई पहिल्यांदा टक लावून त्या नोटेकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी स्वतःच पुढच्याच्या खांद्यावर टकटक करून पैसे देत होती.

असो. लिहिता लिहिता राग उतरला. दाजी माणूस वाईट नाही, टूरवाल्याने घाबरवलंय त्यांना. ताई, तू खरंच जाणार असशील तर फोन कर. बस नेव्हशेहिरला थांबली तर पुढे गोरेमेला कंपनीची छोटी गाडी सोडते का, ते तिकीट काढतानाच विचारून घे. सुटे लिरा पर्समध्ये वरच ठेव, ढाब्यावर संडासाला पैसे लागतात. आणि दाजींना खिडकी देऊ नकोस, घोरतात ते.