तीन रुपयांच्या हिशोबाबद्दल: आपल्या अभिप्रायाला संचालिकेचे उत्तर

महोदय,

आमच्या संस्थेला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी रविवारी सकाळी वाचला. सोमवारी दुपारपर्यंत चाकणमधल्या आणखी दोन कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांतून त्याविषयी विचारणा करणारे फोन आले, म्हणून हे उत्तर खासगी पत्राने न देता येथेच देत आहे. आपले किंवा आपल्या कंपनीचे नाव मी लिहिणार नाही. आपले म्हणणे असे की आमचा आरोग्य कार्यक्रम वर्षभर राबवून कंपनीचे साडेसात लाख रुपये गेले, गैरहजेरी होती तेवढीच राहिली, समूह विम्याचा हप्ता उलट वाढला, कोणाचे वजन उतरले नाही, आणि ‘एका रुपयाला तीन रुपये परत’ असे खोटे सांगून आम्ही हा कार्यक्रम आपल्या गळ्यात मारला.

वार्षिक अहवाल ठरल्या तारखेनंतर सात आठवड्यांनी पोचला आणि योगशिक्षक वर्षात तीनदा बदलले, या दोन्ही चुका आमच्या आहेत व त्यांबद्दल मी मनापासून क्षमा मागते. वजनाबद्दलही आपण बरोबर आहात. सरासरीत सांगण्याजोगा फरक पडलेला नाही, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर आम्ही तसे लिहिले आहे. परंतु ‘खोटे’ हा शब्द मला लागला. आठ माणसांचे पगार ज्या विश्वासावर निघतात त्यालाच हा शब्द हात घालतो, म्हणून या तीन रुपयांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

हा आकडा आमच्या भोसरीच्या कार्यालयात जन्मलेला नाही. २०१० साली ‘हेल्थ अफेअर्स’ या अमेरिकी नियतकालिकात कॅथरिन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि असा निष्कर्ष काढला की अशा कार्यक्रमावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे वैद्यकीय खर्च सुमारे ३.२७ डॉलरने आणि गैरहजेरीचा खर्च सुमारे २.७३ डॉलरने कमी होतो. या व्यवसायातल्या पुष्कळांनी पुढे तो आकडा आपापल्या पत्रकांवर छापला, आणि आमच्या पहिल्या पत्रकावर तोही होता, हे मी नाकारत नाही. पुढे २०१९ साली बेकर आणि साँग यांनीच ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. ‘बीजेज होलसेल क्लब’ या अमेरिकी दुकानसाखळीच्या १६० ठिकाणी मिळून सुमारे ३३ हजार कर्मचारी होते, आणि त्यांतली २० ठिकाणे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तेथे कार्यक्रम राबवला गेला. दीड वर्षानंतर, नियमित व्यायाम करतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा ८.३ टक्के-अंकांनी आणि वजन आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न करतो असे सांगणाऱ्यांचे १३.६ टक्के-अंकांनी जास्त आढळले, मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वैद्यकीय खर्च आणि गैरहजेरी यांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. ज्यांनी तीन डॉलर दाखवले होते त्यांनाच काटेकोर प्रयोगात ते सापडले नाहीत म्हटल्यावर आम्ही पत्रक बदलले. आपल्या हाती पडलेले पत्रक जुन्या गठ्ठ्यातले होते. प्रदर्शनातल्या आमच्या टेबलावर ते कसे राहिले याची चौकशी मी केली आहे आणि तो गठ्ठा आता रद्दीत गेला आहे.

मात्र पहिल्याच बैठकीत, आपल्यासह चार जण समोर असताना, हा आकडा धरून चालू नका असे मी स्वतः सांगितले होते. त्यानंतर आपल्या विभागाकडून ई-मेल आला की संचालकांसमोरच्या सादरीकरणात बचतीचा आकडा ठळक असल्याशिवाय मंजुरी मिळणार नाही. मी तो आकडा घातला नाही. त्या जागी ‘पहिल्या दोन वर्षांत आर्थिक बचत गृहीत धरू नये’ असे वाक्य घालून मी सादरीकरण परत पाठवले. ते पान संचालकांपर्यंत पोचले की नाही, हे आपणच सांगू शकाल.

शिवाय अमेरिकेतला हिशोब आपल्याकडे जसाच्या तसा लागूही पडत नाही. तिकडच्या अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या इस्पितळाची बिले स्वतःच्या तिजोरीतून भरतात, त्यामुळे माणूस कमी आजारी पडला की पैसा थेट कंपनीचा वाचतो. आपल्या ६२० माणसांपैकी ४१० जण महिना २१,००० रुपयांच्या मर्यादेतले, म्हणजे ईएसआय या कर्मचारी राज्य विमा योजनेतले आहेत. त्यांच्या वेतनावर कंपनी ३.२५ टक्के वर्गणी भरते, मग वर्षभर कोणाला साधी सर्दी झाली नाही तरी वर्गणी तेवढीच राहते. उपचार या योजनेचे महामंडळ करते आणि आजारपणातली ७० टक्के मजुरीही ठरावीक दिवसांपर्यंत महामंडळच देते. म्हणजे या ४१० जणांची प्रकृती सुधारली तर वैद्यकीय खर्चातली बचत महामंडळाच्या खात्यात जाते, आणि कंपनीला मिळतो तो मशीनवर रोज उभा राहणारा सवयीचा माणूस. त्याची किंमत मोठी आहे, पण ती विम्याच्या कागदावर दिसत नाही. हे मी बैठकीत फळ्यावर आकृती काढून समजावले होते.

आता हप्त्याबद्दल. उरलेल्या २१० जणांचा समूह विमा नूतनीकरणाला येतो तेव्हा विमा कंपनी मागच्या वर्षाचे दावे पाहते. आमच्या शिबिरात ३१ जणांना पहिल्यांदाच कळले की आपला रक्तदाब किंवा साखर वाढलेली आहे. त्यांपैकी दोघांच्या पुढच्या तपासण्यांत हृदयाच्या वाहिन्यांतले अडथळे निघाले आणि स्टेंट बसवावे लागले. ते दोन दावे आपल्या हप्त्यात दिसत असतील, हे मान्य आहे. दोघेही आज कामावर आहेत, आणि त्यांची ओळख पटेल असे याहून अधिक मी लिहिणार नाही. दडलेला आजार शोधण्याच्या वर्षी खर्च वाढतो. तो वाढू द्यायचा नसेल तर तपासणीच करू नये, एवढाच मार्ग उरतो.

खर्चाबद्दल बोलताना मूळ कोटेशनचीही आठवण करून देते. रँड या संशोधन संस्थेने पेप्सिको कंपनीच्या कार्यक्रमाचा अनेक वर्षांचा हिशोब तपासला, तेव्हा ज्यांना आधीच आजार आहे त्यांच्या पाठपुराव्यावर खर्च केलेल्या एका डॉलरमागे ३.८० डॉलर परत आलेले दिसले, तर सर्वांसाठीच्या आहार-व्यायामाच्या उपक्रमांतून एका डॉलरमागे जेमतेम ५० सेंट. म्हणूनच आमच्या कोटेशनमध्ये रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांना दर महिन्याला परिचारिकेने भेटण्याची व त्यांची औषधे चालू आहेत ना हे पाहण्याची स्वतंत्र ओळ होती. माणशी दर १,२०० रुपयांत बसवण्यासाठी आपल्या खरेदी विभागाने नेमकी तीच ओळ खोडली आणि पावले मोजण्याची स्पर्धा, टी-शर्ट व बक्षीस समारंभ ठेवला. मी तेव्हा अडून बसायला हवे होते, पण काम हातचे जाईल या भीतीने सही केली. माझी खरी चूक कोणती असेल तर ती ही, आणि आपल्या अभिप्रायात नेमका तिचा उल्लेख नाही.

‘योगाला तेच तेच चाळीस लोक’ ही आपली तक्रार खरी आहे. सत्राची वेळ साडेपाच आणि कंपनीच्या बसची सुटण्याची वेळ पाच पंचवीस, तेव्हा शॉप फ्लोअरवरचा माणूस येणार कसा? स्वतःच्या गाडीने जाणारे, आणि बहुतेक आधीपासूनच सकाळी फिरायला जाणारे, कार्यालयातले लोक तेवढे आले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे ५ हजार कर्मचाऱ्यांवर केलेल्या प्रयोगातही हेच निघाले: जे स्वतःहून सहभागी झाले त्यांचा वैद्यकीय खर्च कार्यक्रमाच्या आधीपासूनच कमी होता. येणाऱ्यांची न येणाऱ्यांशी तुलना करून नफा दाखवणे या धंद्यात फार सोपे असते. आमच्या अहवालात तशी तुलना नाही, म्हणूनच तो आपल्याला फिका वाटला असेल. सत्र पहिली पाळी सुटताना, म्हणजे दुपारी साडेतीनला, घेण्याची परवानगी मी दोनदा लेखी मागितली होती.

गैरहजेरीचे म्हणाल तर आपणच दिलेल्या मस्टरवरून सर्वाधिक खाडे एप्रिल-मेच्या लग्नसराईत, जूनमधल्या पेरणीत आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात पडलेले दिसतात. लातूर-बीडकडून आलेला माणूस शेताच्या कामाला गावी गेला तर त्याला आमचा आहारतज्ज्ञ काय करणार? कँटीनमध्ये तिसऱ्या पाळीला रात्री दोन वाजता वडे आणि अतिगोड चहाच मिळतो. तेथे भाकरी-उसळ ठेवण्याची सूचना कँटीन समितीपुढे ठेवली होती, ती ठेकेदाराच्या दराशी अडली.

पुढील वर्षापासून अहवाल वेळेत देण्याची व्यवस्था आम्ही करत आहोत आणि इतरही काही सुधारणा विचाराधीन आहेत. आपण करार पुढे चालवणार नाही असे लिहिले आहे, तो आपला अधिकार आहे.

एक विनंती मात्र करार संपला तरी आहे. त्या ३१ जणांपैकी १४ जणांची फेरतपासणी राहिली आहे आणि त्यांची यादी शुक्रवारी बंद पाकिटात आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे दिली आहे. त्यांना कोणत्याही शनिवारी सकाळी उपाशीपोटी आमच्याकडे पाठवावे. मागच्या वेळेप्रमाणे रक्त देण्याआधी कँटीनचे पोहे वाटले जाणार नाहीत, एवढे कृपया पाहावे. या तपासणीचे कोणतेही शुल्क आम्ही घेणार नाही.

आपली,
संचालिका